ऑटोपायलट सोडला की विमान झटका का देतं? सिम्युलेटरमधलं नेहमीचं दुखणं आणि त्याचा इलाज

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्याहून सेस्ना 172 नांदेडकडे निघालंय, ऑटोपायलटनं उंची आणि दिशा धरून ठेवलीय. वाटेत जरा बाजूला जाऊन खालचं काही नीट बघावं म्हणून ऑटोपायलट काढला, की नाक एकदम वर जातं आणि विमान मिनिटाला हजार फुटांनी चढायला लागतं. कसंबसं सावरून परत जोडावा, तर ते भलतीकडेच वळतं. दुसरा प्रकार याच्या उलट: बटण दाबलं तरी विमान स्टिकला दादच देत नाही. तिसरा: कुणी हात लावलेला नसताना ऑटोपायलट आपोआप निघतो.

या दुखण्यांचं मूळ सहसा बटण दाबण्याच्या क्षणात नसतं. ट्रिम (स्टिक न धरताही नाक एका कोनात ठेवणारी जुळणी) कुठे आहे, स्टिक मधोमध आहे का, थ्रॉटलचा दांडा इंजिनाच्या चालू ताकदीशी जुळतो का, हे सगळं आधीच बिघडलेलं असतं. बटण दाबल्यावर ते फक्त उघडं पडतं. म्हणून "कुठलं बटण लावू?" हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा.

सोडायचा की थोपवायचा, हे आधी ठरवा

तात्पुरतं हाताने उडवण्याच्या दोन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं. पहिली वाट म्हणजे ऑटोपायलट सरळ काढणं. योकवरचं, म्हणजे वैमानिकाच्या हातातल्या चाकावरचं, लाल बटण, किंवा मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये मुळात दिलेली झेड ही कळ. सर्व्हो, म्हणजे ऑटोपायलटच्या नियंत्रणं हलवणाऱ्या मोटरी, सुटतात, इशाऱ्याचा आवाज येतो, विमान तुमच्या हातात. दुसरी वाट कंट्रोल व्हील स्टिअरिंगची, म्हणजे सीडब्ल्यूएस. यात ऑटोपायलट निघत नाही, बटण दाबून धरलंय तेवढाच वेळ हात बाजूला घेतो.

गार्मिन जी1000 या पडद्यांच्या पॅनेलसोबत येणाऱ्या जीएफसी 700 या ऑटोपायलटमध्ये सीडब्ल्यूएस दाबून धरलं की सर्व्हो सुटतात, पण फ्लाइट डायरेक्टर, म्हणजे विमान कसं न्यायचं ते पडद्यावर पट्ट्यांनी दाखवणारी सोय, चालू राहतो. बटण सोडल्यावर काय होणार हे चालू मोडवर ठरतं, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. उंची धरून ठेवणारा मोड चालू असेल तर बटण सोडताना जी उंची असेल तीच नवी ठरते. 4,500 फुटांवरून घसरत 4,380 वर बटण सोडलंत, तर विमान 4,380 धरून बसेल. व्हर्टिकल स्पीड मोडमध्ये त्या क्षणाचा चढ-उताराचा वेग नवा ठरतो, पिच मोडमध्ये नाकाचा कोन. दिशेचं मात्र तसं नाही. हेडिंग (दिशा धरणारा) किंवा नॅव्ह (ठरलेला मार्ग धरणारा) मोड असेल तर सीडब्ल्यूएसमुळे बग, म्हणजे हवी ती दिशा ठरवणारी खूण, हलत नाही, त्यामुळे बटण सोडताच विमान मूळ दिशेकडे परत वळतं. ते बिघडलेलं नाही, त्याला तसंच सांगितलेलं आहे. नुसता रोल मोड असेल तर तिसरी तऱ्हा: 6 अंशांपेक्षा कमी कल असताना सोडलं तर पंख सपाट करतं, 6 ते 22 अंशांमध्ये असेल तर तोच कल धरतं, त्याहून जास्त असेल तर 22 वर आणून ठेवतं.

म्हणजे थोडं बाजूला जाऊन त्याच मार्गावर परतायचं असेल तर सीडब्ल्यूएस सोयीचं. नव्या दिशेनं पुढे जायचं असेल तर ऑटोपायलट काढा, विमान वळवा, बग नव्या दिशेवर आणा आणि मग जोडा.

एक्स-प्लेनमध्ये जॉयस्टिकच्या बटणाला कंट्रोल व्हील स्टिअर ही आज्ञा थेट लावता येते आणि ती दाबून धरण्यापुरतीच चालते. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये प्रत्येक विमानाची गोष्ट वेगळी. योकवर सीडब्ल्यूएसचं बटण रंगवलेलं दिसतं, पण ते खरंच सर्व्हो सोडतं का, हे उडण्याआधी बघून घ्यावं. 172 जमिनीवर उभं करून इंजिन चालू ठेवा, ऑटोपायलट जोडा, बटण दाबून धरा आणि स्टिक हलवताना बाहेरच्या दृश्यातून एलेरॉनकडे बघा. पंखाची मागची कड मोकळी हलली नाही, तर त्या विमानात बटण शोभेचं आहे. मग पहिली वाट धरायची, उगं बटण बदलत बसू नका.

झटका: दहापैकी नऊ वेळा ट्रिमच

नऊ हा आकडा मोजलेला नाही, बोलायची पद्धत आहे. पण तपासणीची सुरुवात इथूनच करा.

ऑटोपायलट उंची धरतो तेव्हा तो एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारा शेपटीचा भाग, एकाच जागी ताणून ठेवत नाही. सर्व्होवर सतत भार येतोय असं दिसलं की तो ट्रिम फिरवतो आणि भार काढून टाकतो. आता समजा ऑटोपायलट चालू असतानाच तुम्ही खाली जायला म्हणून स्टिक पुढे ढकलली. तुम्ही नाक दाबताय, त्याला उंची राखायचीय. तो ट्रिम वरच्या बाजूला फिरवत जातो. दहा-पंधरा सेकंदांची ही कुस्ती झाल्यावर तुम्ही ऑटोपायलट काढलात, की इतका वेळ साठलेली ट्रिम एकदम मोकळी होते आणि नाक आभाळाकडे.

हे फक्त सिम्युलेटरमधलं नाही. 26 एप्रिल 1994 रोजी जपानमधल्या नागोया इथे चायना एअरलाइन्सचं ए300 विमान उतरताना चुकून गो-अराउंड मोडमध्ये, म्हणजे उतरणं सोडून परत चढायच्या मोडमध्ये, गेलं. वैमानिक नाक खाली दाबत राहिले, ऑटोपायलट शेपटीचा स्टॅबिलायझर वरच्या बाजूला ट्रिम करत राहिला. विमान वर उसळलं, स्टॉल झालं (वेग पडून पंखांची उचल गेली) आणि 264 माणसं गेली. म्हणून नियम एकच: ऑटोपायलट चालू असताना स्टिकला हात लावायचा नाही. आधी बटण, मग स्टिक.

कुस्ती न करताही झटका बसत असेल तर तुमच्या टेबलावरच्या ट्रिम व्हीलकडे बघा. ते अक्ष म्हणून, म्हणजे ॲक्सिस म्हणून जोडलेलं असेल, तर त्या चाकाची स्वतःची एक जागा असते. ऑटोपायलटनं तासभर ट्रिम फिरवून विमानातली ट्रिम कुठल्या कुठे नेलेली असते, टेबलावरचं चाक मात्र उड्डाणाच्या वेळी होतं तिथेच. ऑटोपायलट काढल्यावर चाकाला बोट लागलं, किंवा त्याचा सेन्सर नुसता थरथरला, की विमानातली ट्रिम उडी मारून चाकाच्या जागी येते. यावर पक्का इलाज म्हणजे अक्षाची जोडणी काढून टाकणं आणि ट्रिम दोन बटणांवर लावणं: एकाने वर, एकाने खाली. बटण "आहे तिथून थोडं पुढे" एवढंच सांगतं, जागा सांगत नाही, म्हणून उडी येत नाही. फिरतच राहणारं एन्कोडरचं चाक असेल तर तेही चालतं. अक्ष ठेवायचाच असेल तर ऑटोपायलट काढण्याआधी पडद्यावरचा ट्रिमचा काटा बघून चाक अंदाजाने त्या जागी आणा. हे जमतं, पण दर वेळी नाही.

दुसरी एक फसवी गोष्ट वेगाची. उंची धरलेली असताना तुम्ही ताकद कमी केलीत आणि विसरलात, तर ऑटोपायलट तक्रार करत नाही. वेग पडत जातो तसं तो नाक उचलतो, ट्रिम मागे फिरवतो, उंची मात्र राखतो. 172एसचा फ्लॅप न लावलेला स्टॉल 48 नॉटला आहे. 60 नॉटवर अशा ट्रिममध्ये ऑटोपायलट काढून घाबरून पूर्ण ताकद दिलीत, तर नाक वर उसळणारच, कारण ट्रिम 60 नॉटची आहे. म्हणून काढण्याआधी 2,300 आरपीएमच्या आसपास ताकद ठेवून वेग स्थिर होऊ द्या. कॉकपिटमधलं ट्रिम व्हील फिरायचं थांबलंय हे डोळ्यानं बघा. ते अजून फिरत असेल तर थांबा.

झटका वर-खाली नसून बाजूला बसत असेल, म्हणजे एक पंख एकदम खाली जात असेल, तर ट्रिमला दोष देऊ नका. 172 मध्ये इंधनाचा निवडक (कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारा खटका) एका टाकीवर राहिला असेल तर एक पंख हलका आणि दुसरा जड होत जातो, आणि ऑटोपायलट एलेरॉननं तो तोल सांभाळत बसतो. तो निघाला की जड पंख खाली. निवडक दोन्ही टाक्यांवर ठेवा. दोन इंजिनांच्या विमानात रडर ट्रिम तपासा. ज्या ऑटोपायलटला रडर दिलेला नाही, तो विमान तिरकं चाललेलं तसंच ठेवून फक्त पंख सपाट राखतो. तिरकेपणा दाखवणारा चेंडू मध्यावर नसेल तर आधी तो मध्यावर आणा, मग सोडा.

स्टिकला दाद देत नाही

इथे पहिली तपासणी सर्वांत साधी: ऑटोपायलट खरंच निघालाय का? आवाज आला म्हणजे निघाला असं धरू नका. पडद्यावरचं एपी हे अक्षर गेलंय का ते बघा. झेड ही कळ चालू-बंद अशी दुहेरी आहे. तेच काम जॉयस्टिकच्या बटणावर आणि गेमपॅडच्या प्रोफाइलमध्येही लावलेलं असेल, किंवा बटण जुनं होऊन एका दाबात दोनदा लागत असेल, तर एक दाब काढतो आणि दुसरा लगेच जोडतो. आवाज येतो, ऑटोपायलट तिथेच. जोडणीच्या पानावर "ऑटोपायलट" शोधून प्रत्येक उपकरणात तो कुठे-कुठे लावलाय ते बघा आणि एक सोडून बाकी सगळे काढा. जमत असेल तर दुहेरी आज्ञेऐवजी फक्त काढणारी आज्ञा स्टिकच्या अंगठ्याखाली ठेवा आणि जोडणारी दुसरीकडे. घाईत दाबलं तरी परत जुळणार नाही.

दुसरी: मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमधला एआय वैमानिक. सहाय्याच्या पानावर विमान सहवैमानिकाकडे दिलेलं असेल तर ऑटोपायलट काढूनही स्टिकचा उपयोग होत नाही. त्याच पानावरची आपोआप ट्रिम करणारी सोयही बंद करा. एकाच वेळी ती, ऑटोपायलट आणि तुम्ही, असे तिघं ट्रिम फिरवायला लागले की कुणाचंच खरं नाही.

आपोआप निघतो

याचं कारण बहुतेक वेळा टेबलावर असतं, विमानात नाही. ए320 च्या चांगल्या नमुन्यांत, उदाहरणार्थ फ्लायबायवायरच्या ए32एनएक्समध्ये, स्टिक ठरावीक मर्यादेपलीकडे हलली की ऑटोपायलट निघतो, कारण खऱ्या विमानातही साइडस्टिक जोर लावून हलवली की तो निघतो. तुमची स्टिक हातही न लावता थरथरत असेल, तर सिम्युलेटरला तो तुमचा हात वाटतो.

विंडोजमध्ये रन उघडून जॉय डॉट सीपीएल चालवा आणि स्टिकला हात न लावता अधिकच्या चिन्हाकडे मिनिटभर बघा. ते चिन्ह नाचत असेल तर सेन्सर खराब किंवा मळलेला आहे. स्वस्त स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे घासणारा संपर्क, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यातली बारीक धूळ थेट त्यावर बसते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, वायर काढलेली असताना, दांडा सगळ्या दिशांना तीस-चाळीस वेळा फिरवला की बऱ्याचदा सुधारतं. हॉल सेन्सर असलेल्या स्टिकला, जसं थ्रस्टमास्टरची टी.16000एम, हा त्रास मुख्य अक्षांवर होत नाही. सिम्युलेटरमधला डेड झोन (मध्याजवळची जेवढी हालचाल धरायची नाही तो पट्टा) 3 टक्क्यांपासून सुरू करा आणि थरथर लपेपर्यंतच वाढवा. 10 च्या वर न्यावा लागत असेल तर सेन्सर बदला. मोठ्या डेड झोननं ऑटोपायलट टिकेल, पण हाताने उडवताना मधली सगळी नजाकत जाते आणि धावपट्टीवर उतरताना ते जाणवतं.

वीज हा दुसरा भाग. भारनियमन किंवा डगमगणारा व्होल्टेज असताना लाइट गेली, की घरचा इन्व्हर्टर चालू होईपर्यंतच्या क्षणात यूएसबी हब बंद-चालू होऊ शकतो. संगणक तगतो, स्टिक मात्र तुटून परत जोडली जाते. परत जुळल्यावर काही सिम्युलेटर अक्ष शून्यावर किंवा टोकाला धरतात, आणि ऑटोपायलट निघतो किंवा थ्रॉटल बंद होतो. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचा खटका असेल तर त्यावर ठेवा, त्यात बदल लवकर होतो. हबला स्वतःचा अडॅप्टर असू द्या. विंडोजच्या पॉवरच्या पर्यायांत यूएसबीला झोपवणारी सोय बंद करा. लाइट येऊन-जाऊन झाल्यावर सगळे अक्ष एकदा टोकापासून टोकापर्यंत हलवा, मगच ऑटोपायलट जोडा.

आणि एक साधं कारण: जीएफसी 700 असो की बोईंग 737, योकवरचा विजेवरचा ट्रिमचा खटका दाबला की ऑटोपायलट निघतो. रचनाच तशी आहे.

मोठी विमानं: इथे ताकदीचा घोळ जास्त

ए320 मध्ये ट्रिमचा झटका जवळजवळ नसतोच. नॉर्मल लॉमध्ये, म्हणजे संगणकांच्या नेहमीच्या नियंत्रणात, विमान स्वतःची ट्रिम स्वतः करतं. इथे फसवतो तो ऑटोथ्रस्ट, म्हणजे इंजिनांची ताकद आपोआप सांभाळणारी सोय. ऑटोपायलट काढला तरी ऑटोथ्रस्ट चालूच राहतो, आणि तो राहू दिला तर काही बिघडत नाही. त्यालाही काढायचं असेल तर दांडे क्लाइंबच्या खाचेत असताना दांड्यावरचं बटण दाबू नका. दाबलंत, तर इंजिनं दांड्याच्या जागेप्रमाणे, म्हणजे पूर्ण क्लाइंबच्या ताकदीवर जातात. आधी दांडे मागे आणून चालू एन1 शी (इंजिनाच्या ताकदीच्या आकड्याशी) जुळवा, मग बटण. फ्लाइट डायरेक्टरच्या पट्ट्या पाळणार नसाल तर दोन्ही बंद करा. मग ऑटोथ्रस्ट स्पीड मोडमध्ये येतो. पट्ट्या चालू ठेवून त्यांच्या विरुद्ध उडवणं म्हणजे, खाली जायला सांगितलेलं असताना तुम्ही सपाट ठेवलं, तर ताकद आयडलवरच राहते आणि वेग पडतो.

737 मध्ये सीडब्ल्यूएसचं वेगळं रूप आहे. ऑटोपायलट कमांडमध्ये, म्हणजे पूर्ण ताबा घेऊन, असताना योकवर पुरेसा जोर दिला की ऑटोपायलट पूर्ण न निघता त्या अक्षापुरता सीडब्ल्यूएसमध्ये जातो, आणि पडद्यावर पिवळ्या अक्षरात तसं येतं. योक सोडताना कल 6 अंश किंवा कमी असेल तर पंख सपाट करून दिशा धरतो, जास्त असेल तर कल धरून राहतो. हे अर्धवट सुटणं नजरेतून निसटतं. मार्च 1994 मध्ये सायबेरियात पडलेल्या एरोफ्लोटच्या ए310 मध्ये असंच झालं होतं. कॅप्टनच्या मुलानं स्टिअरिंगवर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ जोर दिला, एलेरॉनपुरता ऑटोपायलट सुटला आणि खूण म्हणून फक्त एक दिवा लागला. 75 जण गेले. तेव्हा 737 मध्ये योकला हात लागल्यावर आवाजाची वाट बघू नका, वरच्या ओळीतली अक्षरं वाचा.

खऱ्या 737 चे थ्रॉटल ऑटोथ्रॉटलबरोबर हलतात, आपले टेबलावरचे हलत नाहीत. ऑटोथ्रॉटल काढण्याआधी तेही अंदाजाने जुळवावे लागतात.

परत जोडताना

क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून एवढंच आकड्यांत:

1. पंख सपाट, चढ-उतार शून्याच्या आसपास, वेग स्थिर. हात सोडून पाच सेकंद बघा. विमान तसंच राहिलं तर ट्रिम ठीक आहे.
2. हेडिंग बग आत्ताच्या दिशेवर आणा. बऱ्याच पॅनेलांत बग फिरवायच्या गोल बटणावरच मधोमध दाबलं की बग जुळतो.
3. उंचीच्या खिडकीत आत्ताची किंवा हवी ती उंची.
4. मग ऑटोपायलट. लगेच पडद्यावर मोड कुठला आला ते वाचा.
5. दिशा, उंची, आणि सगळ्यात शेवटी नॅव्ह.

चौथ्या पायरीवर केएपी 140 वाले फसतात. घड्याळासारख्या काट्यांची जुनी उपकरणं असलेल्या 172 मधला हा ऑटोपायलट जोडला की रोल आणि व्हर्टिकल स्पीड मोडमध्ये येतो, आणि त्या क्षणाचा चढ-उताराचा वेग धरतो. मिनिटाला 300 फुटांनी घसरत असताना जोडलात तर तो इमानदारीनं घसरतच राहील. उंचीचं बटण वेगळं दाबावं लागतं. जीएफसी 700 मध्ये लाल बटणानं काढल्यावर फ्लाइट डायरेक्टरचे मोड तसेच राहतात, त्यामुळे जोडताच जुनं काम पुढे चालू. बग हलवायचा विसरला असाल तर भलतीकडे वळतं ते याच कारणानं. 737 मध्ये एलनॅव्ह (ठरलेला मार्ग धरणारा मोड) सक्रिय मार्गापासून 3 नॉटिकल मैलांच्या आत असाल तर लगेच जुळतं. बाहेर असाल तर आधी मार्गाला छेदणारी दिशा धरावी लागते, 90 अंशांपेक्षा जास्त कोनात नाही.

तपासून बघायला एक फेरी

चिकलठाण्याची उंची 1,911 फूट. उड्डाण करून 4,500 फुटांवर जा, 295 दिशा धरा. साधारण 11 नॉटिकल मैलांवर देवगिरीचा किल्ला येतो. भोवतालच्या सपाटीतून दोनशे मीटर उंच उठलेला तो सुळका हवामान साफ असेल तर लांबूनच ओळखू येतो. किल्ल्याच्या 2 मैल अलीकडे ऑटोपायलट काढा, 20 अंश कल देऊन किल्ल्याला एक वळसा घाला, परत 115 वर या, बग जुळवा आणि जोडा. काढल्यावर पहिल्या पाच सेकंदांत उंचीतला फरक 50 फुटांच्या आत आणि कल 5 अंशांच्या आत राहिला, तर तुमची जोडणी ठीक आहे. जोडल्यावर विमान 115 सोडून दुसरीकडे वळलं, तर दुसरी पायरी राहिलीय.

झटका अजूनही बसत असेल तर स्टिक, थ्रॉटल, पेडल, ट्रिम व्हील सगळं काढून फक्त कीबोर्डवर हीच फेरी मारा. कीबोर्डवर झटका गेला तर एकेक उपकरण परत लावत दोषी सापडवा. कीबोर्डवरही राहिला तर दोष विमानाच्या फाइलमध्ये आहे. ते विमान काढून नव्याने बसवा आणि सिम्युलेटरसोबत आलेल्या मूळ 172 वर परत तपासा.